१ मे ते ३० सप्टेंबर : किनाऱ्यावरच्या एका पाटीचा इतिहास

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बऱ्याच पर्यटनगावांत समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर एक पाटी दिसते. वर कुत्र्याचं चित्र, त्यावर लाल तिरकी रेघ आणि खाली तारखा : १ मे ते ३० सप्टेंबर. गावागणिक या तारखा थोड्या मागेपुढे होतात. कुठे दिवसातले ठरावीक तासच बंदी असते, कुठे किनाऱ्याचा एखादा तुकडा बाराही महिने कुत्र्यांना मोकळा ठेवलेला असतो. पण साधारण हिशेब असा की उन्हाळ्यात समुद्र माणसांचा आणि हिवाळ्यात कुत्र्यांचा.

म्हणून ऑक्टोबर लागला की या किनाऱ्यांवर वेगळीच वर्दळ सुरू होते. गुडघ्यापर्यंत बूट, जाड कोट, खिशात गुंडाळलेला पट्टा, आणि समोर ओहोटीच्या ओल्या वाळूवर सुसाट सुटलेला कुत्रा. लाटेवर भुंकायचं, वाहून आलेलं लाकूड तोंडात धरून आणायचं, मालकाच्या अंगावर पाणी झटकायचं. डिसेंबरात तिकडे दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे हा सगळा आनंद घाईघाईने लुटावा लागतो. तरी लोक न चुकता येतात. इंग्लंडमध्ये हिवाळ्यातला असा फेरफटका म्हणजे जणू वर्षानुवर्षांची रीतच आहे, असं वाटतं.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने 'जणू वर्षानुवर्षांची' हे शब्द ऐकले की कान टवकारायचे असतात. पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, विषय शोधायचा कुठे? माझं उत्तर असं की एखादी पाटी घ्या आणि तिला अस्सल कागदपत्रासारखे प्रश्न विचारा. ही कोणी लावली? कोणत्या अधिकाराने? कधीपासून? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिने काय गृहीत धरलंय? आज वरच्याच पाटीवर हा प्रयोग करू.

किनारा मुळात कोणाचा?

पहिला प्रश्न अधिकाराचा. समुद्रकिनारा सगळ्यांचा, असं आपण सहज म्हणतो. इंग्लंडच्या कायद्याने मात्र तसं सरळ कधी म्हटलेलं नाही. १८२१ मध्ये ब्लंडेल विरुद्ध कॅटरॉल हा खटला लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयापुढे चालला. लँकशरमधल्या ग्रेट क्रॉस्बी गावच्या जहागीरदाराचं म्हणणं असं की, भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा माझा आहे, त्यावरून एका हॉटेलची माणसं गिऱ्हाइकांना आंघोळीसाठी गाड्यांतून नेतात, ते बंद करा. बहुमताचा निकाल त्याच्या बाजूने लागला. समुद्रात स्नान करण्यासाठी तो पट्टा ओलांडण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला नाही, असं न्यायालयाने सांगितलं. एका न्यायाधीशाने विरुद्ध मत नोंदवलं, पण ते अल्पमतात राहिलं.

याचा अर्थ त्यानंतर लोकांचं किनाऱ्यावर जाणं थांबलं असा नाही. उलट गर्दी वाढतच गेली. फक्त ते जाणं हक्कापेक्षा चालवून घेण्यावर टिकलं होतं. आणि जे चालवून घेतलं जातं, त्यावर उद्या कोणी तारखा घालू शकतो. पाटीची पहिली ओळ इथे लिहिली गेली, कुत्र्याचं चित्र रंगवण्याच्या कितीतरी आधी.

हिवाळा डॉक्टरांचा

आता तारखांकडे येऊ. उन्हाळा हाच समुद्राचा खरा हंगाम, हे पाटीने गृहीत धरलंय. पण अठराव्या शतकात डोकावलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

लिचफिल्डचे डॉक्टर जॉन फ्लॉयर १६९७ पासून थंड पाण्याच्या स्नानाचे गुण लिहीत होते. पुढे १७५० मध्ये रिचर्ड रसेल या डॉक्टरांनी ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा लॅटिन प्रबंध छापला. लवकरच त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं आणि रोग्यांचा ओघ ब्रायटनकडे वळला. हे पाणी अंगावर घ्यायचं, आणि प्यायचंसुद्धा. थंडी हा या उपचाराचा दोष नव्हता, गुण होता. गार पाण्याचा धक्का बसला पाहिजे, शरीर आवळलं पाहिजे, तर औषध लागू पडणार.

म्हणून कादंबरीकार फॅनी बर्नीच्या रोजनिशीत १७८२ च्या नोव्हेंबरातली समुद्रस्नानाची नोंद सापडते, तेव्हा आपण दचकतो आणि ती मात्र दचकत नाही. सकाळी सहाला उठून, चंद्राच्या उजेडात, आधी सांगून ठेवलेल्या बायकांच्या मदतीने ती ब्रायटनच्या समुद्रात उतरली. या बायकांना 'डिपर' म्हणत. गिऱ्हाइकाला धरून पाण्यात बुडी देणं हा त्यांचा धंदा. मार्था गन ही त्यांच्यातली सर्वांत प्रसिद्ध. नोव्हेंबरातल्या पहाटे हा धंदा चालू होता, ही गोष्ट आपल्यासाठी बर्नीच्या धाडसापेक्षा मोलाची आहे. एका व्यक्तीचा हट्ट आणि एका समाजाची सवय यांतला फरक असाच ओळखायचा असतो : त्या कामावर पोट भरणारं कोणी होतं का, ते बघायचं.

फ्रेंच इतिहासकार आलँ कोर्बँ यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की युरोपातल्या लोकांना किनाऱ्याची ओढ वाटू लागली ती साधारण १७५० ते १८४० या काळात. त्याआधी समुद्र म्हणजे भीती, वादळ, प्रलयाची आठवण. आपल्या दृष्टीने त्यातलं सार इतकंच, की किनाऱ्यावरच्या 'नैसर्गिक' आनंदालाही जन्मतारीख असते.

उन्हाळा रेल्वेचा

मग समुद्र उन्हाळ्याचा कधी झाला? १८४१ च्या सप्टेंबरात लंडन ते ब्रायटन रेल्वे सुरू झाली. घोडागाडीने जिथे दिवसाचा बराच भाग जायचा, तिथे आता सकाळी निघून रात्री घरी परतता येऊ लागलं. स्वस्त सहलगाड्या निघाल्या. कारकून, कारागीर, दुकानातले नोकर अशी ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता ती माणसं किनाऱ्यावर आली.

या माणसांना रजा मिळायची ती उन्हाळ्यात, म्हणून ती यायचीही उन्हाळ्यात. त्यावर श्रीमंतांनी काय केलं? त्यांनी आपला हंगाम बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रायटनचा 'प्रतिष्ठित' हंगाम शरद आणि हिवाळ्याकडे सरकला. राणी व्हिक्टोरियाने तर ब्रायटन सोडलंच. १८४५ मध्ये वाइट बेटावरचं ऑस्बोर्न विकत घेतलं आणि १८५० मध्ये ब्रायटनचा राजवाडा नगराला विकून टाकला. म्हणजे हिवाळ्यातला निवांत किनारा ही या टप्प्यावर वर्गाची खूण झाली. ज्याला ऑगस्टच्या सुट्टीवर अवलंबून राहावं लागत नाही, त्याच्यासाठीचा तो समुद्र.

पुढे १८७१ चा बँक हॉलिडे कायदा आला आणि ऑगस्टमधला एक सोमवार सुट्टीचा ठरला. तो आणणारे सर जॉन लबक हे बँकर, खासदार आणि प्राणिशास्त्राचे हौशी अभ्यासक. आता गंमत बघा. याच लबकनी १८८० च्या दशकात 'व्हॅन' नावाच्या आपल्या पूडल कुत्र्याला जेवण, पाणी, बाहेर असे शब्द लिहिलेली कार्डं ओळखायला शिकवायचा प्रयोग केला होता. ज्या माणसाने ऑगस्टचा किनारा गर्दीने भरायला मोठा हातभार लावला, त्याच्याच घरी छापील शब्द ओळखणारा कुत्रा होता. आजची पाटी व्हॅनने वाचली असती तर कोणतं कार्ड उचललं असतं, कोण जाणे.

१९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा झाला. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याचा खरा परिणाम दिसला आणि किनाऱ्यांवर उन्हाळी गर्दीचा कळस झाला. जुलै-ऑगस्ट म्हणजे समुद्र, उरलेलं वर्ष म्हणजे 'ऑफ-सीझन', ही विभागणी आता पक्की झाली. लक्षात घ्या, इथवरच्या गोष्टीत कुत्र्यांवर बंदीचा विषय निघालेला नाही. हिवाळा रिकामा करण्याचं काम रेल्वे, कारखाने आणि रजेच्या कायद्यांनी केलं.

आधी तोंडाची भीती, मग शेपटीखालची

आता कुत्र्याकडे वळू. कुत्र्यावर सरकारी नजर ब्रिटनमध्ये जुनी आहे. १७९६ मध्ये कुत्र्यांवर कर बसला, पुढे परवाना आला. पण एकोणिसाव्या शतकातली खरी चिंता होती पिसाळण्याची. रस्त्यावरचे कुत्रे पकडण्याचे आदेश, तोंडाला मुसकं बांधण्याची सक्ती, १८९७ पासूनची देशव्यापी मोहीम, हे सगळं त्या भीतीतून आलं. १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज हटला. पहिल्या महायुद्धानंतर तो पुन्हा शिरला, पण १९२२ पर्यंत त्याचाही बंदोबस्त झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भीतीने जागा बदलली. १९७० नंतर टॉक्सोकारा या जंताची चर्चा वाढली. कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत जातात, तिथून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात आणि क्वचित डोळ्याला इजा होते. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकाला कुत्र्याच्या तोंडाची धास्ती होती, विसाव्याला शेपटीखालची. हा विनोद वाटेल, पण संशोधनात तो उपयोगी पडतो. 'कुत्र्यांवरचे निर्बंध' असं एकच शीर्षक देऊन १७९६ ते आजपर्यंतची सरळ रेघ ओढली तर हा बदल नजरेतून निसटतो. मुसकं सगळ्या रस्त्यांवर लागत होतं. शेपटीखालच्या भीतीला मात्र ठरावीक जागा हव्या होत्या : मुलं खेळतात ती बाग, मुलं बसतात ती वाळू.

आणखी एक बारकावा. परवान्याची फी शेवटी अवघी ३७ पेन्स उरली होती आणि १९८७ मध्ये परवानाच रद्द झाला. म्हणजे कुत्र्याच्या किनाऱ्यावरच्या वावराबद्दलचे वाद वाढत होते, नेमक्या त्याच काळात कुत्र्यांची देशभराची वार्षिक नोंद बंद पडली. साधनं अशी आपल्या सोयीने चालत नाहीत. त्यामुळे कुठलाही काळ निवडण्याआधी त्या काळात कोणती नोंद सुरू झाली आणि कोणती थांबली, याची यादी करून ठेवावी.

पाणी मोजणारे

पाटीवरची '३० सप्टेंबर' ही तारीख आणखी एका ठिकाणी सापडते. १९७६ मध्ये युरोपीय समुदायाने स्नानाच्या पाण्याच्या दर्जाविषयी निर्देश काढला. ठरवलेल्या किनाऱ्यांवर हंगामात नियमित नमुने घ्यायचे, विष्ठेतून येणारे जिवाणू मोजायचे. यातली हंगामाची व्याख्या बघण्यासारखी आहे. स्थानिक रीत लक्षात घेऊन ज्या काळात मोठ्या संख्येने स्नान करणारे येतील अशी अपेक्षा असते, तो हंगाम. म्हणजे रेल्वे आणि रजेने घडवलेल्या गर्दीला आता कायद्याने 'हंगाम' म्हटलं. इंग्लंडसाठी या हंगामाच्या तारखा ठरल्या १५ मे ते ३० सप्टेंबर.

सुरुवातीला ब्रिटनने या निर्देशाखाली फक्त २७ किनारे दाखवले. त्यात ब्लॅकपूल नव्हतं, ब्रायटनही नव्हतं! गर्दीसाठी देशभर गाजलेली ही गावं 'स्नानाच्या' यादीतच नाहीत, कारण किनारा यादीत आला की पाणी स्वच्छ ठेवणं आलं आणि त्याचा खर्च आला. पुढे हे प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि १९९३ मध्ये ब्लॅकपूल व साउथपोर्टच्या बाबतीत निकाल ब्रिटनच्या विरोधात लागला. दरम्यान १९८७ पासून युरोपभर 'ब्लू फ्लॅग' मानांकन सुरू झालं होतं. आज त्याच्या निकषांत किनाऱ्यावर कुत्र्यांच्या आणि इतर पाळीव प्राण्यांच्या वावरावर कडक नियंत्रणाची अट आहे. पाण्यातल्या जिवाणूंचा सर्वांत मोठा प्रश्न सांडपाण्याच्या नळांचा होता. पण नळ दुरुस्त करायला वर्षं आणि पैसा लागतो, पाटी एका दिवसात लागते.

कुत्र्यांसाठीचे आजचे नियम ज्या कायद्यांतून आले त्यांचा क्रम सोपा आहे. १९९६ चा कुत्र्यांच्या घाणीविषयीचा कायदा, मग २००५ चा स्थानिक पर्यावरणाचा कायदा, आणि आता २०१४ च्या समाजविघातक वर्तनाच्या कायद्याखाली नगर परिषदा काढतात ते 'पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर'. हे आदेश एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांचे असतात. मुदत संपताना लोकांचं मत घेऊन पुन्हा ठरवावे लागतात. संशोधकाच्या दृष्टीने ही पर्वणीच आहे, कारण दर ३ वर्षांनी समुद्र कोणाचा हा वाद नव्याने कागदावर उतरतो.

आता एक तपास तुमच्यासाठी. पाटीची शेवटची तारीख स्नानाच्या हंगामाशी तंतोतंत जुळते, पण सुरुवातीची जुळत नाही. १ मे आणि १५ मे यांत दोन आठवड्यांचं अंतर आहे. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारची सुट्टी, जी १९७८ पासून आहे, ती याच अंतरात पडते. तारखा शेजारी असणं हा पुरावा नव्हे, सुगावा आहे. त्याचा पुरावा व्हायचा तर एखाद्या गावाच्या समितीचं इतिवृत्त, उपविधींचे मसुदे आणि स्थानिक वर्तमानपत्रांतली पत्रं काढून बसावं लागेल. एका गावापुरता हा छोट्या प्रबंधाच्या आकाराचा विषय होऊ शकतो.

रिकामा किनारा?

इथवर आल्यावर हिवाळ्यातल्या फेरफटक्याकडे परत बघू. कायद्यांत या आनंदाचा मागमूस नाही. कायदा गुन्ह्याची नोंद करतो, मजेची नाही. मजा शोधायची तर रोजनिशा, पोस्टकार्डं, चित्रं पाहावी लागतात. टर्नरचं १८४१ च्या सुमाराचं एक जलरंगचित्र लंडनच्या कोर्टॉल्ड संग्रहात आहे. ओसाड किनारा, आकाशात चंद्र आणि समुद्राकडे तोंड करून एकटाच ओरडणारा कुत्रा. जॉन रस्किन यांनी त्यात फुटलेल्या जहाजाची आणि बुडालेल्या मालकांची कथा वाचली. चित्रात जहाज मात्र दिसत नाही. मोकळ्या किनाऱ्यावर कुत्रा दिसला की पाहणारा त्याच्यामागे कथा जोडतो, हे या चित्रावरून शिकावं आणि आपल्या साधनांच्या बाबतीत लक्षात ठेवावं.

आणि तो किनारा खरंच ओसाड असतो का? इंग्लंडच्या दक्षिणेला सोलंट नावाची सामुद्रधुनी आहे. सायबेरियाच्या उत्तर टोकाला वीण करणारे काळपट पोटाचे ब्रेंट हंस ऑक्टोबरच्या सुमाराला तिथे उतरतात आणि वसंतात परत जातात. चिखलात चोच खुपसून खाणारे इतर पक्षीही हजारोंनी येतात. दिवस लहान, अंगातली चरबी जपायची, आणि मोकळा सुटलेला कुत्रा धावत आला की सगळा थवा उडतो. प्रत्येक उड्डाणात खाल्लेलं खर्च होतं. म्हणून गेल्या काही वर्षांत तिथे कुत्रा घेऊन फिरणाऱ्यांना विनंती केली जाते की हिवाळ्यात थव्यांपासून लांबून जा, गरज पडली तर पट्टा बांधा. म्हणजे माणसांच्या कॅलेंडरातला रिकामा काळ हा पक्ष्यांचा भर हंगाम आहे. स्नान करणाऱ्यांना त्रास नको म्हणून कुत्र्यांना हिवाळ्यात पाठवलं, तर तिथे आधीच कोणी बसलेलं होतं.

फिरणाऱ्यांचंही ऐकलं पाहिजे. त्यांच्यात एकटे राहणारे म्हातारे आहेत, दिवसभरात कुत्र्याशिवाय कोणाशी बोलणं न होणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी हा तासभराचा समुद्र चैनीचा नाही. त्यामुळे कोण बरोबर आणि कोण चूक असा निवाडा इतिहासाने देऊ नये. प्रत्येक पक्ष किनाऱ्याबद्दल जे 'उघड आहे' म्हणतो, ते केव्हा आणि कशाने उघड झालं, एवढं इतिहासाने दाखवावं.

आपल्याकडे

ब्लू फ्लॅगचे निकष आपल्यापर्यंत पोचलेत. २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या ८ किनाऱ्यांना हे मानांकन मिळालं. त्यात शिवराजपूर, कासरकोड, पुरी होते, महाराष्ट्र आणि गोव्यातला एकही नव्हता. इंग्लंडमधला कुत्रा पट्ट्याने येतो आणि पट्ट्याने घरी जातो. आपल्या वाळूवरचा बहुधा तिथेच राहतो, त्याला फिरायला कोणी आणत नाही. एकच अट दोन ठिकाणी लावली की तिचा अर्थ बदलतो, तो कसा, हा अभ्यासाचा विषय आहे. कोकणात हिवाळा हा पर्यटनाचा भर हंगाम आणि पावसाळा ऑफ-सीझन. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा समुद्र 'बंद' आहे असं आपण म्हणतो, तर कोणासाठी बंद, हे विचारायला हवं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसलात आणि 'त्या काळी हा भाग ओसाड होता', 'हा हंगाम रिकामा असे' असं वाक्य पेनातून उतरलं, तर तिथे थांबा. ओसाड हे वर्णन कोणाचं आहे ते शोधा. महसूल खात्याचं, पर्यटन खात्याचं, की तिथे राहणाऱ्यांचं? बऱ्याचदा प्रबंधाचा प्रश्न त्या एका विशेषणातच दडलेला असतो.